काखेत कळसा: फोनमधून लॅपटॉपवर, वायरशिवाय

आजचा भाग एका बिघडलेल्या फोनपासून सुरू होतो आणि थेट १९७१ सालापर्यंत मागे जातो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तर झालं असं. दिवाळीत गावी गेलो होतो. आत्याने तिचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अरे, हा चार्जच होईना. तू इंजिनिअर ना, बघ जरा." आता आपल्याकडे कॉम्प्युटरचा इंजिनिअर म्हणजे मिक्सरपासून गीझरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. मी टॉर्च मारून बघितलं, तर चार्जिंगची पिन आतून तुटलेली. वायर लावली की नुसती हलायची. बॅटरी उरली होती २७ टक्के.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. नवीन फोन घेतला असता. पण आत्या गावातल्या महिला भजनी मंडळात आहे आणि दर एकादशीचं भजन ती फोनवर रेकॉर्ड करते. पाच वर्षांची दोनशेहून जास्त रेकॉर्डिंग्ज. मंडळात ज्या काकू चाल धरायच्या, त्या मागच्या वर्षी गेल्या. त्यांचा आवाज या फोनशिवाय दुसरीकडे कुठेही नाही. मेमरी कार्ड नाही, बॅकअप नाही. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलं, "पिन बदलून देतो, पण फोन दोन दिवस ठेवावा लागेल, आणि आतल्या डेटाची गॅरंटी नाही." आत्या फोन ठेवायला तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा नव्हतो.

म्हणजे हिशोब असा: साधारण ६ जीबीच्या फायली, २७ टक्के बॅटरी, वायर बंद. आणि लॅपटॉप दोन फुटांवर.

मनात पहिला विचार आला तो क्लाऊडचा. सगळं अपलोड करायचं, मग लॅपटॉपवर डाउनलोड करायचं. पण बघा, म्हणजे ६ जीबी वर जाणार आणि ६ जीबी खाली येणार, एकूण १२ जीबी. माझा पॅक दिवसाला २ जीबीचा, आणि घरात रेंज दोन काड्या. दोन फुटांवरच्या लॅपटॉपसाठी फाइल कुठल्यातरी दूरच्या डेटा सेंटरला जाऊन परत येणार. याला आपल्याकडे म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण आपण रोज हेच करतो. स्वतःच्याच फोनमधला फोटो स्वतःच्याच लॅपटॉपवर घ्यायचा तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो. तो दबून छोटा होतो, तरी चालवून घेतो. जवळच्या दोन यंत्रांनी थेट बोलायची सोय कधीपासून आहे, ती कोणी केली आणि आपण ती विसरलो कशी, हे आज बघू. आणि प्रत्येक टप्प्यावर आत्याच्या ६ जीबीला किती वेळ लागला असता, तेही मोजू. म्हणजे वेगाचा अंदाज येतो.

१९७१: एकाच वर्षात दोन गोष्टी

पहिली गोष्ट हवाई बेटांवरची. हवाई विद्यापीठाचा मुख्य कॉम्प्युटर ओआहू बेटावर, आणि तो वापरू इच्छिणारे लोक विखुरलेले. समुद्रातून वायर टाकणं महाग. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ वापरायचं ठरवलं. जून १९७१ मध्ये त्यांचं अलोहानेट सुरू झालं. डेटाचे छोटे तुकडे करून ते रेडिओवरून पाठवणारं हे सुरुवातीचं जाळं.

त्यांची अडचण कुठली होती माहितीये? सगळे एकाच लहरीवर बोलणार. दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया. उपाय फार साधा काढला. पलीकडून पोच आली नाही, तर थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. पण थांबायचा वेळ प्रत्येकाने आपापला, कसाही निवडायचा. नाहीतर दोघं पुन्हा एकदमच बोलतील. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं होऊ नये म्हणून. आजच्या वाय-फायमध्येही आधी ऐका, मोकळं दिसलं तर बोला, आणि टक्कर झाली तर वेगवेगळा वेळ थांबा, हा स्वभाव तिथूनच आलाय.

वेग होता सेकंदाला ९६०० बिट. आठ बिट म्हणजे एक बाइट. या वेगाने आत्याची ६ जीबी न्यायला जवळपास ५८ दिवस लागले असते.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. अमेरिकेत अर्पानेट नावाचं जाळं उभं राहत होतं, पुढे इंटरनेट झालं त्याचं मूळ. त्यावर तेव्हा कॉम्प्युटर होते मोजकेच, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाची फाइल ठेवायची पद्धत दुसऱ्याला कळायची नाही. एमआयटीमधल्या एका तरुणाने यावर नियमांचा एक मसुदा लिहिला. फाइल मागायची कशी, द्यायची कशी, काही चुकलं तर कळवायचं कसं. कल्पना अशी की समोरच्या यंत्राची आतली रचना माहीत नसली तरी फाइल घेता-देता यावी. हा मसुदा आरएफसी ११४ म्हणून ओळखला जातो, आणि त्यातून आलेल्या नियमांना आपण एफटीपी म्हणतो, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल.

त्या तरुणाचं नाव अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतला, १९६५ साली बीटेक झालेला. मी स्वतः बीटेक केलं, चार वर्षं कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकलो, पोर्ट २१ म्हणजे एफटीपी हे परीक्षेसाठी पाठ केलं. पण हे नाव वर्गात एकदाही ऐकलं नाही. कोणी सांगितलं असतं, तर तो धडा जरा आपला वाटला असता.

तेव्हा हे नियम होते वायरने जोडलेल्या, खोलीभर पसरलेल्या यंत्रांसाठी. फोनचा संबंधच नव्हता. पण एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. फाइल नेणारा रस्ता वेगळा आणि फाइल द्या-घ्यायचे नियम वेगळे. रस्ता बदलला तरी नियम तेच राहू शकतात. एसटी घाटातून गेली काय किंवा एक्स्प्रेस वेने गेली काय, तिकिटाचा व्यवहार तोच.

उजेडाने बोलणारे फोन

आता नव्वदच्या दशकात येऊ. फोन आणि कॉम्प्युटर यांच्यातली वायर काढण्याची पहिली मोठी धडपड रेडिओने नाही, तर इन्फ्रारेडने झाली. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तोच, डोळ्यांना न दिसणारा उजेड. १९९३ मध्ये इन्फ्रारेड डेटा असोसिएशन स्थापन झाली आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी एकच पद्धत ठरली. जुन्या नोकिया फोनच्या डोक्यावर काळपट-लाल काचेची एक छोटी खिडकी असायची, आठवतेय का? तीच ही. तेव्हाच्या लॅपटॉपवरही ती असायची.

अट अशी की दोन्ही खिडक्या समोरासमोर हव्यात, साधारण मीटरभराच्या आत. मध्ये हात आला की संपलं. सुरुवातीचा वेग सेकंदाला ११५ किलोबिटच्या आसपास. ४ एमबीचं एक गाणं जायला साडेचार-पाच मिनिटं, तेवढा वेळ दोन्ही फोन टेबलावर नाकासमोर नाक लावून ठेवायचे. आत्याच्या ६ जीबीला जवळजवळ पाच दिवस.

इन्फ्रारेड मागे पडलं, पण जाताना एक वारसा ठेवून गेलं. त्यासाठी ओबेक्स नावाचे नियम तयार केले होते, एखादी वस्तू, म्हणजे संपर्काचं कार्ड, फोटो, फाइल, समोरच्याला कशी द्यायची याचे. ते नियम पुढे ब्लूटूथने उचलले. आजही साध्या ब्लूटूथने फाइल पाठवता आणि समोरच्याच्या स्क्रीनवर "स्वीकारायची का?" येतं, तेव्हा मागे ओबेक्सच चालू असतं. उजेड गेला, नियम राहिले.

राजाच्या नावाचा रेडिओ

ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत सुरू झालं. याप हार्टसन आणि स्वेन मॅटिसन ही त्यातली दोन महत्त्वाची नावं. पुढे १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या. यादी नीट बघा. दोन फोनवाले, बाकी कॉम्प्युटरवाले. म्हणजे फोन आणि कॉम्प्युटर या दोन दुनिया जोडणं हाच मुळी हेतू.

नावही त्यावरूनच. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हेराल्ड राजाला ब्लूटूथ म्हणायचे. विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा राजा म्हणून त्याची ओळख. इंटेलच्या जिम कार्डाक यांनी हे नाव तात्पुरतं म्हणून सुचवलं होतं, खरं नाव नंतर ठरणार होतं. ते कधी ठरलंच नाही. चिन्हसुद्धा राजाच्या आद्याक्षरांचं, जुन्या रून लिपीतली दोन अक्षरं एकमेकांवर ठेवलेली.

ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतात, म्हणजे गोंगाट भरपूर. म्हणून ब्लूटूथ एका जागी थांबत नाही. पट्ट्याचे ७९ भाग करून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत बोलतं. एका जागी गोंगाट असला तरी पुढच्या क्षणी ते दुसरीकडे असतं.

यातला भारताचा भाग सहसा कोणी सांगत नाही. रेडिओ वापरायला सरकारचा परवाना लागतो. अमेरिकेने १९८५ मध्येच असे काही पट्टे विनापरवाना मोकळे केले होते, आणि वाय-फाय त्यावरच उभं राहिलं. १९९७ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण आलं, सेकंदाला २ मेगाबिटचं. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचं. आपल्याकडे जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी ताकदीची उपकरणं घरात आणि घराबाहेर विनापरवाना वापरायला मुभा मिळाली. आज आपण हॉटस्पॉट चालू करताना कोणाला विचारत नाही, त्यामागे हा कागद आहे.

आणि मग आला आमचा काळ. "ब्लूटूथ मार ना!" हे वाक्य ज्यांनी शाळेच्या मैदानात ऐकलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. डेटा पॅक परवडायचा नाही. मोबाईल शॉपीत मेमरी कार्ड दिलं की दुकानदार पैसे घेऊन गाणी भरून द्यायचा. एकाने भरून आणलं की ब्लूटूथने सगळ्या वर्गात पसरायचं. पासवर्ड विचारला की ०००० नाहीतर १२३४. (सहा आकडे दोन्हीकडे जुळतात का बघायची पद्धत २००७ च्या आवृत्तीत आली, ती यामुळेच.) गाण्यांबरोबर व्हायरसही पसरायचे. २००४ मधला कॅबिर हा फोनचा किडा ब्लूटूथनेच एका फोनमधून दुसऱ्यात जायचा. म्हणून अनोळखी फाइल आली की "नो" दाबायचं, हा धडा आमच्या पिढीला तिथेच मिळाला.

पहिल्या ब्लूटूथचा उपयोगी वेग सेकंदाला ७२१ किलोबिट. आत्याची ६ जीबी? साडेअठरा तास.

रातोरात गेलेली ॲप्स

फोनमधले कॅमेरे सुधारले, व्हिडिओ मोठे झाले आणि ब्लूटूथ अपुरं पडायला लागलं. मग शेअरइट, झेंडर अशी ॲप्स आली. त्यांची युक्ती अशी की एक फोन स्वतःच हॉटस्पॉट होतो, दुसरा त्याला जोडला जातो, आणि फाइल वाय-फायच्या वेगाने जाते. इंटरनेट लागतच नाही. हॉस्टेलमध्ये एक सिनेमा एका लॅपटॉपवर आला की तासाभरात मजलाभर व्हायचा, तो असा.

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉकची चर्चा सगळ्यात जास्त झाली. पण शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही नावं त्याच यादीत होती. सुरक्षेचं कारण बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की शेजारी बसलेल्या दोघांनी फाइल कशी द्यायची ही सवय कित्येकांनी एका ॲपवर सोपवली होती, आणि ते ॲप एका संध्याकाळी गेलं.

त्याची जागा घेणाऱ्या सोयी तयार होत्या किंवा होत होत्या. ॲपलचं एअरड्रॉप २०११ पासून होतं. गूगलने ऑगस्ट २०२० मध्ये निअरबाय शेअर आणलं, २०२३ मध्ये ते विंडोजच्या कॉम्प्युटरवर आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळून त्याच नावाने चालू राहिलं. या सगळ्यांची पद्धत साधारण एकच. शेजारी कोण आहे हे ब्लूटूथने शोधायचं, कारण त्याला बॅटरी कमी लागते. आणि ओझं वाय-फायने वाहायचं, कारण ते वेगवान. दोन जुनी रेडिओ घराणी, वाटून घेतलेलं काम.

आत्याच्या ओटीवर

आता परत ओटीवर येऊ. आत्याचा फोन जुना, क्विक शेअर त्यात नीट उघडेना. मी घाईत ब्लूटूथ लावलं. ३०० एमबीची एक फाइल जायला २५ मिनिटं लागली आणि बॅटरी पाच टक्क्यांनी उतरली. उरली २२. हिशोब केला तर सगळ्याला आठ तासांहून जास्त. एवढी बॅटरीच नव्हती.

मग फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये खाली कोपऱ्यात एक शब्द दिसला. एफटीपी.

माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. आत्याच्या फोनचा नको, कारण हॉटस्पॉट बॅटरी खातो. तिचा फोन आणि माझा लॅपटॉप दोन्ही त्याला जोडले. डेटा बंद ठेवला तरी चालतं, कारण फाइल बाहेर जातच नाही. तिच्या फोनवर एफटीपी सुरू केल्यावर एक पत्ता आला, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे आकडे १९९४ पासून घरगुती जाळ्यांसाठी राखीव आहेत. तुमच्या आणि माझ्या घरात तोच पत्ता असू शकतो, कारण तो उंबऱ्याबाहेर वापरलाच जात नाही. लॅपटॉपवर फाइलझिला उघडून तो पत्ता टाकला, आणि आत्याचे सगळे फोल्डर समोर. स्क्रीनचा उजेड एकदम कमी केला, सगळं निवडलं, ओढलं. सेकंदाला ४ एमबी.

मध्येच मला फोन आला आणि मी सवयीने बोलत बोलत अंगणाच्या टोकाला गेलो. हॉटस्पॉटही अर्थात माझ्या खिशातून माझ्याबरोबर गेला. परत आलो तर लाल अक्षरात एरर. आत्या म्हणाली, "गेलं का रे सगळं?" पोटात गोळा आला. पण एफटीपीच्या नियमांत तुटलं तिथून पुढे चालू करायची सोय फार पूर्वीच केलेली आहे. "रिझ्यूम" निवडलं, आणि गेलेल्या फायली पुन्हा न घेता उरलेल्याच यायला लागल्या.

जवळपास अर्ध्या तासात काम झालं. बॅटरी ९ टक्के.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. साध्या एफटीपीमध्ये पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघडेच जातात, कुलूप नसतं. १९७१ मध्ये जाळ्यावर सगळे ओळखीचेच होते, त्यामुळे कोणाला गरज वाटली नाही. म्हणूनच २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने एफटीपी काढून टाकलं. स्वतःच्या हॉटस्पॉटवर, पासवर्ड लावून, काम झालं की लगेच बंद करून वापरा. कॅफे, स्टेशन, हॉस्टेलच्या वाय-फायवर नको. तिथे क्विक शेअर किंवा केडीई कनेक्टसारखं कुलूपबंद काहीतरी बरं.

पण मला जे वाटलं ते सांगतो. कंपन्यांची ॲप्स आली आणि गेली. इन्फ्रारेडच्या खिडक्या गेल्या. त्या दिवशी कामाला आले ते एका २५-३० वर्षांच्या मुलाने लिहायला घेतलेले नियम, जे कोणाच्या मालकीचे नव्हते, म्हणून कोणी बंद करू शकलं नाही. माझ्याच वयाचा होता तो तेव्हा. मी रोज ऑफिसात जो कोड लिहितो, तो दोन वर्षांत फेकला जातो. म्हणून हे जरा लागलं.

रात्री आत्याने लॅपटॉपवर काकूंचं एक भजन लावायला सांगितलं. मागे कुकरची शिट्टी, कोणाचं तरी खोकणं, आणि मग काकूंचा आवाज. आत्या टाळ नसताना मांडीवर ताल धरून बसली होती. सकाळपर्यंत फोन बंद पडला होता. मी दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करून एक आत्याला दिली, एक मंडळाच्या ताईंना.

तुमच्या घरातही असा एखादा फोन कपाटात असेल, आईचा, आजोबांचा. पिन धड आहे तोवर, बॅटरी फुगायच्या आत, एक रविवार काढा. हॉटस्पॉट लावा आणि आतलं बाहेर काढा. इंटरनेट लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही ब्लूटूथने मिळवलेलं पहिलं गाणं कोणतं होतं, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, काळजी घ्या!